स्थावराचें जंगम : कोथरुडचा मस्तानीमहाल आणि एक चिनी घर

आमच्याकडील जुन्या वांटणीपत्रांत मालमत्तेचे दोन भाग सांगण्याची वहिवाट आहे : स्थावर आणि जंगम. शेत, विहीर, बाग, घर हें स्थावर. भांडींकुंडीं, दागदागिने, गुरेंढोरें हें जंगम. भाऊ वेगळे झाले म्हणजे जंगमाची वांटणी चार दिवसांत उरके, आणि स्थावराचे तंटे मात्र दोन दोन पिढ्या चालत. कारण घर उचलून नेतां येत नाहीं. गेल्या शे-सव्वाशें वर्षांत मात्र कांहीं घरें खरोखरच उचलून नेलीं गेलीं. त्यांचें एकेक लांकूड सुटें केलें, त्यांवर खुणा केल्या, आणि दुसऱ्या गांवीं वस्तुसंग्रहालयाच्या आवारांत तीं पुन्हां उभीं केलीं. स्वीडनमध्यें स्टॉकहोम येथें आर्थर हाझेलियस यानें १८९१ सालीं स्कान्सेन येथें हा उपक्रम मोठ्या प्रमाणावर आरंभिला. आपल्याकडे मद्रासजवळ मुट्टुकाडु येथें १९९६ सालीं सुरू झालेल्या ‘दक्षिणचित्र’ संस्थेंत दक्षिणेंतील घरें अशाच रीतीनें आणून बसविलीं आहेत. महाराष्ट्रांतील या प्रकारचें प्रसिद्ध उदाहरण म्हणजे पुण्यांतील राजा दिनकर केळकर संग्रहालयांत उभा असलेला मस्तानीमहाल होय.

असें स्थलांतरित घर इतिहासाचा पुरावा म्हणून कितपत ग्राह्य धरावें, आणि तें ग्राह्य होण्यास काय काय जपलें पाहिजे, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. त्यासाठीं मस्तानीमहालाशेजारीं एक चिनी घर ठेवून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. दोहोंत वंश, धर्म, हवामान यांचें कांहीं साम्य नाहीं. परंतु एका बाबतींत दोघांची गत एकच झाली आहे, आणि त्या बाबतींत चिनी घरापासून आपणांस पुष्कळ शिकण्यासारखें आहे.

मस्तानीविषयीं मराठी वाचकास पुष्कळ माहिती असल्यासारखें वाटतें, परंतु ती बहुतेक दंतकथेंतील असते. पान खातां तिच्या गळ्यांतून उतरणारी पिंक बाहेरून दिसे, ही गोष्ट शाळेंतील मुलासही ठाऊक असते. तिच्या मुलाचें पुढें काय झालें हें मात्र सहसा कोणास सांगतां येत नाहीं. निश्चित म्हणतां येईल असा भाग थोडका आहे. महंमदखान बंगश यानें जेरीस आणलेल्या छत्रसाल बुंदेल्याच्या मदतीस पहिला बाजीराव इ. स. १७२९ च्या मार्चांत बुंदेलखंडांत पोंचला, व त्यानें उलट बंगशालाच जैतपुरास कोंडलें. या उपकाराची फेड म्हणून छत्रसालानें आपल्या राज्याचा हिस्सा पेशव्यास दिला. मस्तानी पेशव्याच्या घरीं आली ती या संबंधांतून. ती छत्रसालाच्या नाटकशाळेपासून झालेली कन्या, हा पक्ष आज बहुतेकांस मान्य आहे. इ. स. १७३४ त तिला मुलगा झाला. तोच समशेर बहाद्दर. तो पानपतच्या रणांत १७६१ सालीं जखमी होऊन वारला, आणि त्याचा मुलगा अलीबहाद्दर यानें बुंदेलखंडांत बांद्याच्या नबाबीचा पाया घातला.

पेशव्यांच्या घरांत मस्तानीस जागा मिळाली, पण ती कोणत्या प्रकारची हें वास्तूवरूनच कळतें. शनिवारवाड्याचा पाया १७३० च्या जानेवारींत घातला गेला, व १७३२ च्या जानेवारींत वास्तुशांति झाली. या वाड्यांत तिच्यासाठीं निराळा महाल होता आणि उत्तरेच्या तटांत एका दरवाज्यास तिचें नांव होतें. पुढें त्यासच अलीबहाद्दर दरवाजा असेंही म्हणूं लागले. एका कुटुंबाच्या वाड्यांत एका व्यक्तीनें निराळ्या दरवाज्यानें जावें यावें, यांतच घरच्या मंडळींचें मन स्पष्ट होतें. हा निराळेपणाही पुरेना, तेव्हां पुण्याबाहेर मुठेच्या पलीकडे कोथरूड गांवीं बाजीरावानें तिच्यासाठीं स्वतंत्र निवासस्थान बांधलें. त्याचें साल १७३४ असें सांगण्यांत येतें. पुढें १७३९–४० च्या हिंवाळ्यांत बाजीराव नासिरजंगावरील मोहिमेंत गुंतला असतां चिमाजीआप्पा व नानासाहेब यांनीं मस्तानीस पुण्यांत कैदेंत ठेविलें. ता. २८ एप्रिल १७४० रोजीं नर्मदाकांठीं रावेरखेडी येथें बाजीराव वारला, आणि त्याच वर्षीं मस्तानीही गेली. तिची कबर पाबळ येथें आहे. गो. स. सरदेसाई यांनीं संपादिलेल्या पेशवे दप्तराच्या ४५ खंडांपैकीं बाजीरावाच्या कुटुंबावरील खंड ज्यानें वाचला असेल, त्यास या प्रकरणाचें दुःख दंतकथेंतल्या पिंकेपेक्षां अगदीं निराळें आहे हें सांगणें नको.

शनिवारवाड्यांतील मस्तानीचा महाल आज पाहतां येत नाहीं. १८२८ च्या फेब्रुवारींत लागलेल्या आगींत वाड्याच्या आंतील इमारती जळून गेल्या. उरला तो तट, दरवाजे, जोतीं आणि हौद. लांकडी वाड्यांचें हें भागधेयच म्हणावें लागतें. १८७९ सालीं बुधवारवाडाही असाच जळाला, आणि त्याच सुमारास विश्रामबागवाड्याच्या कांहीं भागास आग लागली. तात्पर्य, मस्तानीच्या वास्तव्याशीं जोडलेलीं जीं लांकडें म्हणून दाखवितां येतात, तीं कोथरुडचीं. आणि तीं कोथरुडास नाहींत.

तीं कोठें आहेत तें सांगण्यापूर्वीं तीं ज्यांनीं आणलीं त्यांच्याविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता लिहीत, व्यवसाय चष्म्यांचा. १९२० च्या सुमारास त्यांनीं जुन्या वस्तु जमविण्यास सुरुवात केली, आणि पुढें हा संग्रह वीस हजारांच्या वर गेला. आपल्या अकालीं वारलेल्या मुलाचें, राजाचें, नांव त्यांनीं संग्रहालयास दिलें, आणि सगळा संग्रह महाराष्ट्र शासनास दान केला. राजेरजवाड्यांचीं शस्त्रें जमविणारे पुष्कळ असतात. केळकरांनीं अडकित्ते, दिवे, दौती, फण्या, वाद्यें, दरवाजे जमविले. म्हणजे ज्या वस्तु घरांतील माणसांच्या हातीं रोज येत आणि ज्यांची नोंद कोणत्याही दप्तरांत होत नाहीं, त्यांवर त्यांची दृष्टि होती. घराच्या आंतला इतिहास हा त्यांचा विषय. अशा माणसाच्या नजरेस कोथरुडचीं लांकडें पडलीं नसतीं, तर तीं एखाद्या वखारींत मोडींत निघालीं असतीं, किंवा बंबांत गेलीं असतीं. पुढें जी चिकित्सा करावयाची आहे ती हें ऋण मान्य करूनच.

बाजीराव रस्त्यालगत संग्रहालयांत हा महाल एका दालनाच्या रूपानें उभा आहे. कोरीव लांकडी खांब, त्यांवर महिरपी, वर लांकडी छत, झुंबरें आणि बैठकीचा थाट, असें तें दृश्य आहे. पाहणाऱ्याच्या मनावर त्याचा परिणाम होतो यांत शंका नाहीं. आम्हीं तेथें उभे असतां एक वृद्ध बाई नातीस हळूच म्हणाल्या, “येथेंच बसायची हो ती.” नातीनें लगेच विचारलें, “येथें म्हणजे कोठें?” इतिहाससंशोधकास याहून नेमका प्रश्न विचारतां येणार नाहीं.

कारण वाडा म्हणजे कांहीं केवळ दिवाणखाना नव्हे. जोतें घडीव दगडाचें, त्यावर उथळ्यांवर उभे केलेले सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, भोंवतीं विटांच्या व पांढऱ्या मातीच्या भिंती. मध्यें चौक, चौकाभोंवतीं ओसऱ्या, मागें माजघर, देवघर, स्वयंपाकघर, कोठी, परसांत विहीर. कोण कोठपर्यंत येई, कोणास कोठें थांबविलें जाई, बायका कोणत्या जिन्यानें जात, पाणी कोठून येई आणि सांडपाणी कोणीकडे जाई, हें सर्व या रचनेंत नमूद असतें. मस्तानीच्या बाबतींत तर हें फारच महत्त्वाचें होतें. तिच्या घरीं नमाजाची जागा निराळी होती काय, मुदपाकखाना एक कीं दोन, पेशव्याची बैठक तिच्या राहत्या भागापासून किती अंतरावर, असल्या प्रश्नांचें उत्तर देणारा साक्षी म्हणजे घराचा नकाशा. एकटें दालन उभें राहिलें कीं हा साक्षी मुका होतो. खांब बोलतात, पण सुताराविषयीं, घरधनिणीविषयीं नाहीं.

सुताराविषयीं तरी ते कितपत बोलतात? सुरूच्या झाडासारखा खालीं फुगीर व वर निमुळता होत जाणारा खांब, केळफुलाची कोरणी, पाकळ्यांची महिरप, हा थाट उत्तरेकडून आला आणि मराठी सुतारांनीं तो आपलासा केला. परंतु पहिल्या बाजीरावापासून दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागेपर्यंत, आणि त्यानंतरही सरदारांच्या व सावकारांच्या वाड्यांत, तो थोड्याफार फरकानें चालूच होता. म्हणून केवळ घाटणीवरून एखादा खांब १७३४ चा कीं १७८४ चा हें ठरविणें धाडसाचें आहे. मस्तानीमहाल हें नांव कोथरुडच्या परंपरेवर आणि केळकरांच्या शब्दावर उभें आहे. परंपरा ही पुराव्याच्या कोटींत मोडते हें आम्हांस मान्य आहे, परंतु ती एकटी असली म्हणजे तिला टेंकू हवा असतो.

हा टेंकू मिळविण्याचें एक साधन पुण्यांतच आहे. सागवान हा उष्ण प्रदेशांतील अशा थोड्या वृक्षांपैकीं आहे, कीं ज्याच्या खोडांत दरसालचें वर्तुळ स्पष्ट उमटतें. ज्या वर्षीं पाऊस बरा त्या वर्षीं रुंद, अवर्षणांत अरुंद. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं पावसाच्या अभ्यासासाठीं सागाच्या अशा वर्तुळमाला तयार केल्या आहेत. जुन्या तुळईचीं वर्तुळें मोजून तीं या मालेशीं जुळविलीं तर तें झाड कोणत्या वर्षांपर्यंत उभें होतें याचा अंदाज करतां येतो. अडचणी आहेत. कोरणी करतांना सुतार बाहेरचा भाग तासून टाकतो, म्हणून शेवटचीं वर्तुळें नाहींशीं होतात, आणि ‘या सालापूर्वीं खास नव्हे’ एवढेंच सांगतां येतें; शिवाय झाड ज्या रानांतलें, त्याच बाजूची माला जुळवावी लागते. तथापि एवढें ‘पूर्वीं नव्हे’ मिळालें तरी पुष्कळ झालें. तुळया व कड्या सहसा कोरीत नाहींत, म्हणून खांबांपेक्षां त्यांच्याकडून अधिक अपेक्षा आहे.

आतां चिनी घराकडे वळूं. चीनच्या आन्ह्वेइ प्रांताच्या दक्षिण भागांत जुना ह्वेइचौ मुलूख आहे. डोंगराळ, शेतीस जमीन थोडी. म्हणून तेथील पुरुष व्यापारासाठीं बाहेर पडत. मीठ, चहा व सावकारी यांत ह्वेइचौचे व्यापारी सगळ्या चीनभर गाजले होते. या मुलुखांत श्यूनिंग परगण्यांत ह्वांग नांवाच्या घराण्याचें गांव आहे. त्या घराण्यांतील एकानें इ. स. १८०० च्या सुमारास, म्हणजे आमच्याकडे नाना फडणीस वारले त्या वेळेस, तेथें एक दुमजली घर बांधिलें व त्यास ‘यिन यू तांग’ असें नांव दिलें. पुष्कळ पिढ्यांस सावली देणारें घर, असा त्याचा आशय. बाहेरून उंच पांढऱ्या भिंती, खिडक्या अगदीं थोड्या. आंत शिरलें कीं मध्यें आभाळास उघडा असा चौक, त्यांत माशांचीं दोन लहान टांकीं, आणि चौकाभोंवतीं दोन मजल्यांवर मिळून निजावयाच्या सोळा खोल्या. वाड्याच्या चौकांत वाढलेल्या माणसास हें घर परकें वाटणार नाहीं. त्याची मांडणीही वाड्यासारखीच : भार सगळा लांकडी सांगाड्यावर, भिंत केवळ आडोशास. भिंत पडली तरी घर उभें राहतें, असें चिनी लोक म्हणतात. लांकडें खुंट्यांनीं व खाचांनीं एकमेकांत बसविलेलीं असल्यामुळें तीं सुटीं करतां येतात, आणि त्यामुळेंच वाडा काय किंवा हें घर काय, स्थावराचें जंगम होऊं शकतें.

या घरांत ह्वांग घराण्याच्या आठ पिढ्या नांदल्या. मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाला कीं तो हान्खौ किंवा शांघाय यांसारख्या शहरीं दुकानांत उमेदवारीस जाई. लग्नास, सणास, आईबापांच्या दुखण्यास गांवीं येई. बायको सासऱ्यांच्या घरीं राहून मुलें वाढवी, आणि पैसे व पत्रें डांकेनें येत. पुढें शहरांत बिऱ्हाडें झालीं, म्हातारीं माणसें गेलीं, आणि १९८० नंतरच्या कांहीं वर्षांत घर रिकामें पडलें.

वरील मजकूर लिहितांना आमच्या खिडकीबाहेर जोगेश्वरी पूर्वेकडील वस्ती आहे. तिच्यांत रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतून आलेलीं कुटुंबें किती आहेत हें निराळें सांगावयास नको. चाकरमानी, मनीऑर्डर, गणपतीस गांवाकडे जाणारी गाडी, शिमग्यास उघडणारें आणि पुनवेनंतर पुन्हां कुलूप लागणारें घर. ह्वेइचौचा शब्द निराळा असेल, गोष्ट तीच आहे. या वस्तींतील कित्येक घरांत गांवच्या घराची किल्ली खुंटीला टांगलेली असते. पडवीचा वांसा कोणत्या पावसाळ्यांत बसला एवढीच त्या घराविषयींची ताजी बातमी.

१९९६ सालीं ह्वांग मंडळी घर विकावयाचें ठरवून गांवीं जमलीं होतीं. त्याच वेळीं नॅन्सी बर्लिनर या चिनी कलेच्या अमेरिकन अभ्यासिका तेथें पोंचल्या. त्या अमेरिकेंतील सेलम येथील पीबॉडी एसेक्स संग्रहालयाशीं संबद्ध होत्या. हें सेलम म्हणजे आमच्या मद्रासकडील सेलम नव्हे. मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील जुनें बंदर आहे. पूर्वेकडे गलबतें नेणाऱ्या तेथील कप्तानांनीं १७९९ त जी मंडळी स्थापिली तिच्यापासून हें संग्रहालय वाढलें, आणि मुंबईचा या बंदराशीं जुना व्यवहार होता. अमेरिकन गलबतांची आडत पाहणारे मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया यांचें चित्र त्या संग्रहांत आहे. असो. स्थानिक सरकाराशीं करार होऊन घर सेलमास न्यावयाचें ठरलें. मोबदल्यांत त्या मुलुखांतील इतर जुन्या इमारतींच्या रक्षणासही संग्रहालयानें हातभार लावावा अशी बोली होती. १९९७ त घर उतरविण्यास प्रारंभ झाला. सुमारें २,७०० लांकडी भाग आणि हजाराच्या आसपास दगड, प्रत्येकावर क्रमांक, प्रत्येकाची नोंद. असा सर्व ऐवज १९ मोठ्या पेट्यांतून समुद्रापलीकडे गेला. चिनी सुतार व गवंडी पाठोपाठ गेले. २००३ च्या जूनमध्यें घर लोकांस खुलें झालें, आणि त्याच वर्षीं बर्लिनर यांचें या घराच्या बांधणीवरील व त्यांतील रोजच्या जीवनक्रमावरील पुस्तक निघालें.

नुसती लांकडांची मोजदाद एवढेंच केलें असतें तर आम्हीं या घराचा एवढा विस्तार केला नसता. विशेष आहे तो पुढेंच. घरांत जीं पत्रें, हिशेब, छायाचित्रें, भांडीं, फर्निचर सांपडलें तें संग्रहालयानें घराबरोबरच घेतलें. ह्वांग घराण्याची वंशावळ पाहिली. जिवंत असलेल्या वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडून हकीकती उतरून घेतल्या. आमच्याकडील कुलवृत्तान्त आणि आमच्याकडील दप्तरें एकत्र केल्यावर जें होईल, तें त्यांनीं एका घराभोंवतीं केलें. दुसरें असें कीं, घर पुन्हां उभें करतांना तें १८०० सालचें करून दाखविण्याचा मोह त्यांनीं टाळला. शयनगृहाच्या भिंतीस विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत चिकटविलेला परदेशी रंगीत कागद तसाच ठेविला. माओच्या अमदानींत गांवकऱ्यांस सरकारी निवेदनें ऐकविणारा कर्णा भिंतीवर बसविला होता, तोही काढला नाहीं. दोनशें वर्षांच्या वहिवाटीचे सगळे थर त्या एका घरांत वाचतां येतात. आमच्याकडे जीर्णोद्धार म्हटला कीं पहिलें काम म्हणजे अलीकडचें सगळें खरवडून काढणें. विश्रामबागेंत काय किंवा एखाद्या खाजगी वाड्यांत काय, पेशवाईनंतरचीं दोनशें वर्षें ही जणूं घाण, असा आपला समज असतो. पण त्याच दोनशें वर्षांत त्या वाड्यांत शाळा भरल्या, कचेऱ्या बसल्या, भाडेकरू नांदले, पानशेतच्या पुराचें पाणी चढलें. तें कोणाच्या इतिहासांत घालावयाचें?

आतां कोणी असा आक्षेप घेईल कीं, धनाढ्य अमेरिकन संस्थेनें गरीब खेड्यांतील घर उचलून न्यावें यांत कसला आला आदर्श? हा आक्षेप पोकळ नाहीं. त्याच ह्वेइचौ मुलुखांतील शीदी व होंगत्सुन हीं दोन गांवें २००० सालीं जागतिक वारशाच्या यादींत आलीं, आणि तेथें घरें जागच्या जागीं जपलीं गेलीं. यिन यू तांग गांवांतच राहिलें असतें तर त्यासही कदाचित् ते दिवस आले असते. जागा बदलली कीं दिशा, वारा, शेजार, ओढ्याचा आवाज हें सगळें जातें, आणि तें कोणत्याही पेटींत घालून नेतां येत नाहीं. तथापि जागीं राहिल्यानें वास्तूचा परिसर टिकतो असेंही नाहीं. आमच्या जोगेश्वरीचेंच लेणें पहा. सहाव्या शतकांत खडकांत कोरलेलें, म्हणून हालविण्याची सोयच नाहीं. खरें स्थावर तें हेंच. परंतु भोंवतालची टेकडी वस्तीनें भरली, माथ्यावर घरें आलीं, पावसाळ्यांत आंत पाणी सांचूं लागलें, आणि न्यायालयापर्यंत प्रकरण गेलें. देऊळ जागीं आहे, जागा राहिली नाहीं. तेव्हां ‘हालवूं नये’ हा नियम चांगला असला तरी तो सर्व ठिकाणीं पुरा पडत नाहीं. ह्वांग मंडळींनीं घर विकावयाचें ठरविलेंच होतें, आणि त्या काळीं तिकडे जुन्या घरांचीं कोरीव लांकडें सुटीं सुटीं विकलीं जात होतीं. कोथरुडच्या लांकडांस तर जागीं राहण्याचा पर्यायच उरला नव्हता.

म्हणून आमच्या मतें वाद नेण्या-न नेण्याचा नाहीं. नेतांना काय लिहून ठेविलें याचा आहे. यिन यू तांगांत एखाद्या पाहुण्यानें “येथें म्हणजे कोठें?” असें विचारलें, तर त्यास खोलींत झोपणाऱ्याच्या नांवासह उत्तर मिळतें. तें घर कोणा राजाचें नव्हे, कोणा प्रख्यात स्त्रीचेंही नव्हे; एका मध्यम प्रतीच्या व्यापारी कुटुंबाचें. मस्तानीमहालाजवळ प्रख्यात नांव आहे, पण घर नाहीं. जिला हयातींत पेशव्यांच्या कुटुंबानें घराबाहेर ठेविलें, तिच्या नांवाचें दालन पेशव्यांच्या पुण्यांत मानानें उभें आहे, आणि त्यांतही ती कोठें निजे, कोठें जेवी, मुलास कोठें खेळवी हें सांपडत नाहीं. केळकर एकटे होते, त्यांच्यापाशीं पदरमोड होती. सेलमच्या संस्थेपाशीं द्रव्य व मनुष्यबळ होतें. तुलना या दृष्टीनें विषम आहे हें आम्ही विसरत नाहीं. परंतु आज पुण्यांत, नाशकांत, वाईस, साताऱ्यास वाडे उतरत आहेत, आणि तेथें अडचण द्रव्याची कमी, आळसाची अधिक आहे.

वाडा पाडावयाचा ठरला म्हणजे वखारवाला येतो, खांबांचा आंकडा ठरतो, आणि आठ दिवसांत चौक मोकळा होतो. या आठ दिवसांत एखाद्या संशोधकास पुष्कळ करतां येईल. चौकाचीं व खणांचीं मापें घेऊन नकाशा काढावा. खांबांस व तुळयांस खडूनें आंकडे घालून छायाचित्रें घ्यावीं. सुतारांनीं जुळणीसाठीं लांकडावर मोडींत किंवा रेघांनीं केलेल्या खुणा असतात, त्या पाहून ठेवाव्या. पुष्कळदां त्या खाचेच्या आंतल्या अंगास असतात, म्हणून घर सुटें होत असतांनाच तेवढ्या दिसतात, आणि मग कधींच नाहीं. तुळईच्या कापलेल्या टोंकाची एक चकती मागून घ्यावी. वर सांगितलेल्या वर्तुळांच्या मोजणीस ती उपयोगी पडते, आणि वखारवाल्याला तिची किंमत नसते. भिंतीवरील रंगाचे थर, कोनाड्यांतील काजळी, जात्याची व उखळाची जागा, देवघराची दिशा, हें सर्व टिपावें. आणि त्याहून आधीं, त्या घरांत वाढलेल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईस खुर्ची देऊन चौकांत बसवावें व कोणती खोली कशाची होती हें विचारावें. दप्तरांत बायकांच्या खोल्यांची नोंद नसते. ती त्यांच्याच स्मरणांत असते. पुरुषांस विचारलें तर ते दिवाणखान्याविषयीं सांगतात.

कोंकणांतील घरांस तर वखारवाल्याचीही गरज पडत नाहीं. जांभ्याच्या भिंतीवरील कौलें एका बाजूनें सरकलीं, दोन पावसाळे पाणी मुरलें, वांसे कुजले कीं घर आपोआप खालीं बसतें. मुंबईंत राहणाऱ्या ज्यांच्या खुंटीस किल्ली आहे त्यांनीं पुढच्या गणपतींत एक टेप, एक वही आणि सावकाश बोलणारी एखादी काकी एवढें जमवलें तरी ओटीपासून परसापर्यंतचें घर कागदावर उतरेल. अशीं टिपणें मंडळाकडे आलीं तर तीं जपून ठेवण्यासारखीं आहेत.

कोथरूड आतां पुण्याबाहेर नाहीं. मस्तानीच्या निवासाची म्हणून जी जागा सांगतात ती कर्वे रस्त्यावर मृत्युंजयेश्वराच्या देवळापाशीं. तेथें दिवसभर वाहनांची वर्दळ असते. तिच्या घराचे म्हणून सांगितले जाणारे खांब तेथून कांहीं कोसांवर शुक्रवार पेठेंत, तिकीट काढून पाहतां येतात. पाबळास कबर आहे. ती होती तेथेंच आहे.